जिन्यातली मुळाक्षरं

अमरावतीत ज्या घरात मी भाड्याने राहायला गेलो, तिथल्या घरमालकांनी पहिल्याच दिवशी मला तीन अटी सांगितल्या. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. नळ सकाळी सहाला येतो, तेव्हा उठायचं. आणि जिना चढताना चपला घालूनच चढायचं, पाय बरोब्बर पायरीच्या मधोमध ठेवायचा.

"काढून ना, काका?" मी विचारलं.

"घालून," काका म्हणाले. "मी मराठीतच बोलून राहिलो ना?"

जिना जुना आणि खडा होता. चढताना पुढची पायरी सहज हाताला लागायची. पायऱ्या सतरा, आणि प्रत्येक पायरीच्या मधोमध लाकडी पाटीवर एकेक उठावाचं काळं अक्षर ठोकलेलं. अशी अक्षरं मी आजवर पाहिली नव्हती. सगळी जाडजूड, ठेंगणी, खाऊनपिऊन सुखी. थ मांडी घालून जेवायला बसलेला, ळ डोळे वटारून बघणारा, आणि झ कुणाशी तरी भांडायला निघालेला. मला हसू आलं, आणि लगेच घाम फुटला, कारण या मंडळींच्या छातीवर पाय देऊन मला वर जायचं होतं.

मी बार्शीटाकळीचा. आमच्या घरी वहीला पाय लागला तर आई आधी नमस्कार करायला लावायची आणि मग रट्टा द्यायची. हा क्रम कधी चुकला नाही. त्यामुळे त्या दिवशी काकांची पाठ वळताच मी पायरीच्या कडेकडेने, शेताच्या धुऱ्यावरून चालावं तसा, वर पोचलो. पुढचे नऊ महिने मी तसाच चढलो आणि तसाच उतरलो.

काका बसच्या डेपोत पेंटर होते. गाडीच्या पुढच्या काचेत गावाच्या नावाची पाटी लागते, त्या पाट्या ते लिहायचे. चौतीस वर्षं त्यांनी तेच केलं. अक्षर जाड का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गाडी सुटली का मांगून धावणारा माणूस असते. त्याले धावता धावता वाचता आलं पायजे. बारीक अक्षर बसल्या जागी वाचणाऱ्यासाठी असते. बसलेल्या माणसाले कायची घाई?"

चिखलदऱ्याची पाटी त्यांनी एकदा घाट चढणाऱ्या अक्षरांनी लिहिली होती, म्हणजे च खाली आणि रा सगळ्यात वर. साहेबांनी बोलावून विचारलं, हा काय प्रकार. काका म्हणाले, "साहेब, गाडी वर जाते ना?" साहेबांनी पाटी सरळ करून घेतली. काकांच्या मते त्या दिवसापासून चिखलदऱ्याची गाडी घाटात बंद पडायला लागली.

त्यांचं खरं प्रेम मात्र जुन्या पाट्यांवर होतं. अंजनगाव सुर्जीची एक पाटी होती, तिचा अ कंडक्टरांच्या अंगठ्यांनी अर्धा पुसला गेलेला. काका ती पुन्हा रंगवू देत नसत. म्हणायचे, "अक्षर नवं असते तवा वटवट करते. झिजलं का आयकाले लागते." पुढे गाड्यांना दिव्यांच्या पाट्या आल्या आणि लाकडी पाट्या भंगारात गेल्या, अंजनगावही गेलं. काका निवृत्त झाले तेव्हा चौतीस वर्षांत लिहिलेलं त्यांचं एकही अक्षर गावात उरलेलं नव्हतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं.

झिजलेल्या वस्तूंचा त्यांना नादच होता. कुठेही गेले की आधी अंगठा फिरवायचे. दुकानाचा उंबरठा, हातगाडीचा दांडा, माझ्या घड्याळाचा पट्टा. नवी चप्पल ते स्वतः कधी घालत नसत. समोरच्या सुतारकाम करणाऱ्या सलीमभाईंचा पाय त्यांच्याच मापाचा. चप्पल आणली की आधी पंधरा दिवस सलीमभाईंच्या पायात, मग काकांच्या. "नवी चप्पल पायाले वळखत नाही," काका म्हणायचे. सलीमभाई मला म्हणाले होते, "भाई, मेरी जिंदगी में पुरानी चप्पल कभी आई ही नहीं. नवी नवी घालतो अन् यांले देतो."

मी राजकमल चौकाजवळ एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करायचो. काकांच्या दृष्टीने हा धंदा म्हणजे चोरीच्या एक पायरी वर. एकदा ते दुकानात आले आणि मी केलेल्या बोर्डाकडे बघत उभे राहिले. एका हॉटेलाचा बोर्ड होता, जुनाट दिसावा म्हणून मी ओरखडे असलेला फॉन्ट वापरला होता. काकांनी त्यातल्या दोन क वर बोट ठेवलं.

"या क ले कुत्रं चावलं का?"

"तसा इफेक्ट आहे, काका."

"आन् या दुसऱ्या क लेबी? त्याच जागी?" ते म्हणाले. "लय शिस्तीचं कुत्रं हाय."

जिन्यातल्या अक्षरांचं रहस्य त्याच सुमारास उलगडलं. काकांना एक संपूर्ण वर्णमाला करायची होती, आणि ती खरोखर झिजलेली हवी होती. एक्कावन्न अक्षरं त्यांनी सावरीच्या मऊ लाकडात स्वतः कोरली, सागाला झिजायला पिढ्या लागतात म्हणून. एका वेळी सतरा जिन्यावर बसवायची, तीन महिने लोकांच्या पायाखाली ठेवायची, मग पुढची सतरा. दर महिन्याला अक्षरावर शाईचा रूळ फिरवायचा, कागद दाबून ठसा घ्यायचा. जिथे लाकूड झिजेल तिथे शाई लागणार नाही, आणि ठशात झीज उमटेल.

वर्दळीची सोयही घरातच होती. वरच्या मजल्यावर माझ्या खोलीशेजारी काकूंचा शिवणक्लास चालायचा. दिवसाला पंधरा-वीस मुली चढायच्या-उतरायच्या. त्यांनाही चपलांची सक्ती होती. बिचाऱ्या काकांसमोर चपला घालायच्या, चार पायऱ्या गेल्या की हातात घ्यायच्या.

अक्षरांचे फोटो मी, काकांच्या बेताच्या हकिकतीसकट, फोनवरून सहज कुठेतरी टाकले, आणि आठ दिवसांत पुण्याहून फॉन्ट तयार करणाऱ्या एका कंपनीचा निरोप आला. अक्षर फार आवडलं, ठसठशीत आहे, खेळकर आहे, घ्यायला तयार आहोत. झिजलेलं रूप दिवाळीपर्यंत द्या. जमत नसेल तर नुसतं नवं द्या, झीज आम्ही इथे दहा मिनिटांत चढवू.

काकांनी तो निरोप मला दोनदा वाचायला लावला. "धा मिनिटात म्हातारं करतेत?" ते म्हणाले. "मंग मले पासष्ट वर्सं कावून लागले?" पण त्या रात्री त्यांना झोप आली नाही, असं काकू म्हणाल्या. दिवाळीपर्यंत अक्षरं झिजली तर काकांचं अक्षर काकांच्या मनासारखं जगात राहणार होतं. नाही झिजली तर पुण्याचं कुत्रं चावणार होतं.

ठसे स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मन लावून केलं. उलटा उमटलेला ठसा सुलटा करायचा, मोठा करायचा, कागदाचे डाग पुसायचे, शाई कमी लागली असेल तिथे भरून काढायची. शिरोरेषेच्या उजव्या टोकाशी दर वेळी एक पांढुरका ठिपका राहायचा. काका म्हणायचे, "थो डाग होय. रूळ नीट नाही फिरला." मी तो पुसून टाकायचो.

पहिले तीन महिने संपले. काकांनी सतराही पाट्या काढून अंगणात मांडल्या आणि एकेकीच्या मधोमध अंगठा फिरवला. काही नाही. अक्षरं कालच कोरल्यासारखी. "उन्हाळा होता," काका म्हणाले, "लोकं हलके पाय टाकतेत." मग पावसाळ्याची सतरा बसली. तीही कोरी निघाली. तेव्हा मात्र ते पायरीवर बसून राहिले आणि म्हणाले, "माह्या अक्षरावर कोनी वजनच देत नाही बे."

मला फार वाईट वाटलं. खरं काय ते मला माहीत होतं, निदान माझ्यापुरतं. पण "काका, मी कधी पायच दिला नाही" हे सांगायला तोंड उघडेना. खोली चांगली होती, नळ येत होता, आणि काकू दर रविवारी वरणफळं पाठवत होत्या.

शेवटची सतरा जिन्यावर असताना काका चार दिवस मुलीकडे अकोल्याला गेले. मी बाजारातून पॉलिश पेपर आणला. माझी चप्पल अक्षरावर ठेवून खडूने आकार काढला आणि एका दुपारी सतराच्या सतरा अक्षरं मधोमध घासली. काम छान झालं होतं. दहा वर्षांची वर्दळ मी तीन तासांत उरकली. पुण्याच्या दहा मिनिटांपेक्षा ते जास्त प्रामाणिक आहे, अशी मी मनाची समजूतही घातली.

काका आले. पिशवी खाली ठेवली, पहिल्या पायरीवर अंगठा ठेवला. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग विझला.

"कोनं घासलं?"

मी त्यांची पिशवी उचलून आत ठेवली.

"एकशेवीस नंबरचा पॉलिश पेपर," अंगठा न उचलता ते म्हणाले. "पाय खालवर घासते. हे आडवं घासलं हाय. चप्पल ठेवून माप घेतलं वाटते. डाव्या पायाची."

डाव्याच पायाची होती.

"महिना झाला का खोली खाली कर."

मग माझाही तोल गेला. चोरी पकडली गेली की माणसाला खरं बोलायची सुरसुरी येते. "काका," मी म्हणालो, "नऊ महिन्यांत या जिन्यावर एकाही माणसानं अक्षरावर पाय दिलेला नाही. मी नाही, काकूंच्या मुलींनी नाही. जमतच नाही आम्हाला. तुम्ही तरी देता का?"

"म्हनजे? मी रोज धा डाव चढतो."

"चढा बरं आता."

काका तावातावाने निघाले. पहिल्या पायरीशी पाय उचलला, अक्षरावर नेला. तो तिथेच अधांतरी थांबला आणि हळूच बाजूला उतरला. दुसऱ्या पायरीवर तेच. तिसरीवर त्यांनी कठडा धरला, डोळे मिटून पाय टाकला. तोही बाजूलाच पडला.

"गुडघा दुखून राहिला," ते म्हणाले.

वर दारात काकू उभ्या होत्या, गळ्यात मोजमापाची टेप. "दोन्ही गुडघे दुखतेत का?" त्यांनी विचारलं.

काका तिसऱ्या पायरीवर, अक्षर सोडून, कडेला बसले. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. लोकांनी पाय द्यावा म्हणून नऊ महिने खाली पहारा केलेला हा माणूस. त्याच्या स्वतःच्या पायाने त्याला दगा दिला होता. मला हसूही येत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती.

काकू खाली उतरू लागल्या. त्या नेहमी उतरायच्या तशाच, एक पाय कडेला, मग वाकून अक्षराला बोटं, मग बोटं कपाळाला. प्रत्येक पायरीवर. काका बसलेले असल्यामुळे काकूंचा हात त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला.

"हे काय करून राहिली तू?"

"काय म्हनजे? चुकून पाय लागला असन म्हनून नमस्कार."

"कवापासून?"

"बसवले तवापासून. पोरीबी करतेत. हा तुमचा भाडेकरूबी करते, दर खेपेले." मी? मला शप्पथ आठवत नव्हतं. काकू पुढे म्हणाल्या, "तुमी खाली बसून समद्याइचे पाय मोजत राहिले. हाताकडं कोन पाह्यलं?"

काकांनी शेजारच्या अक्षरावर अंगठा ठेवला. मधोमध नाही, उजव्या टोकाशी, जिथे काकूंची बोटं पडली होती. बराच वेळ ठेवला. मग माझा अंगठा धरून तिथे टेकवला. लाकूड तिथे किंचित खाली गेलेलं, गुळगुळीत, केसांच्या तेलाने मुरलेलं. म्हणून शाई धरत नव्हती.

आणि तो ठिपका मी नऊ महिने पुसत आलो होतो. मोठा करून, नीट बघून, इमानेइतबारे. काकूंची बोटं, त्या मुलींची बोटं, माझी स्वतःची बोटं, एकूण एक अक्षरातून मी माउसने साफ केली होती. खोट्या झिजेसाठी पॉलिश पेपर आणला आणि खरी झीज घाण समजून काढली. काकांना हे सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "डाग मीच म्हनलो होतो."

मूळ ठसे ट्रंकेत जपून ठेवलेले होते, हे नशीब. "काम होईस्तोवर राहा," काका म्हणाले. मी दुकानातून सुट्टी घेतली आणि एक्कावन्न अक्षरं पुन्हा चढवली, या वेळी काहीही न पुसता. कॉम्प्युटरवर मोठं केल्यावर त्या प्रत्येक ठिपक्यात केसासारखी एक बारीक रेघ दिसली. काकांनी ओळखली. काकूंच्या बोटातल्या शिवणाच्या टोपणाची होती.  दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या चपला जिन्याखाली दिसायला लागल्या, आणि त्यांत काकांचीही होती, सलीमभाईंनी मऊ करून दिलेली. मी घासलेली सतरा काढून त्यांनी पहिली सतरा पुन्हा जिन्यावर बसवली.

दिवाळीला आठ दिवस असताना फॉन्ट पुण्याला गेला. उत्तर लगेच आलं. अक्षर उत्तम, पण झीज पटत नाही. प्रत्येक अक्षरात एकाच जागी आहे. लोकांना ती छपाईची चूक वाटेल. जरा इकडेतिकडे पसरवता येईल का?

मी भीतभीत वाचून दाखवलं.  काका पोट धरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बरोबर हाय त्याइचं," ते म्हणाले. "मीच म्हनलो होतो ना, शिस्तीचं कुत्रं." मग मला लिहायला सांगितलं: नवं अक्षर पाठवतो, ते घ्या, त्याला वाटेल तसं म्हातारं करा. झिजलेलं आमच्या घरचं आहे, ते घरी राहू द्या.

कंपनीने नवं घेतलं, आणि वर स्वतःचे ओरखडे चढवले. चांगलं चाललंय म्हणे. मागे अकोल्यात एका आइस्क्रीमच्या दुकानावर दिसलं. काका तेव्हा मुलीकडे आलेले, माझ्यासोबत होते. त्यांनी बोर्डावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आडवं घासलं हाय." मग दोन कुल्फ्या घेतल्या. झिजलेलं फक्त माझ्या कॉम्प्युटरवर आहे. कुणाच्या बारशाचं किंवा वास्तुशांतीचं कार्ड करायचं असेल तर मी ते काढतो. कोपऱ्यात छपाई गेली आहे अशी तक्रार येते. मी ऐकून घेतो.

खोली मात्र मला सोडावी लागली. काकांनी "खाली कर" म्हटलेलं परत घेतलं नाही. बोललेला शब्द त्यांना खोडता येत नसे, पाटीवर खोडाखोड चालत नाही म्हणून असेल. मलाही अकोल्यात स्वतःचं काही सुरू करायचं होतं. महिना संपला त्या सकाळी मी एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हातात कॉम्प्युटरचा डबा छातीशी धरून जिना उतरू लागलो. पायाखालचं काही दिसत नव्हतं. शेवटून पाचव्या पायरीवर तळपायाला लाकडाची कड लागली. माझा अख्खा पाय, सगळ्या वजनानिशी, मांडी घालून बसलेल्या थ वर पडला होता.

काका खाली उभे होते. त्यांनी ते पाहिलं. ज्या एका पावलासाठी या माणसाने नऊ महिने वाट पाहिली, ते शेवटी पडलं होतं. मला वाटलं, आता तरी खूश होतील.

"काका, पडला एकदाचा," मी म्हणालो.

ते माझ्या पायाकडे बघत होते. मग माझ्या भरलेल्या हातांकडे बघितलं.

"सामान खाली ठेव."

"काका, बस सुटेल."

"दुसरी येईन. सामान ठेव, आन् नमस्कार कर."

मी वळकटी ठेवली, डबा ठेवला, वाकलो. मुद्दाम जागा शोधावी लागली नाही. बोटं आपोआप शिरोरेषेच्या उजव्या टोकाशी गेली. तिथे त्यांच्यापुरती जागा आधीच झालेली होती.